व्याजदर वाढवले की महागाई उतरते, हे कधी ठरलं?

महागाई चढली की मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवणार, अर्थव्यवस्था मंदावली की कमी करणार. बातम्यांमध्ये हे इतक्या सवयीनं येतं की या बँका त्याच कामासाठी जन्मल्या असं वाटावं. प्रत्यक्षात बँक ऑफ इंग्लंड 1694 मध्ये निघाली ती फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला 12 लाख पौंड 8 टक्क्यांनी कर्ज द्यायला. पुढे चलन सोन्याला बांधलं गेलं आणि व्याजदर हलू लागला तो तिजोरीतलं सोनं बाहेर जाऊ नये म्हणून. बाजारातल्या भावांवर नजर ठेवून दर ठरवणं हा त्यामानानं अलीकडचा उद्योग आहे.

सोन्याचा दोर सुटल्यावर काय होऊ शकतं ते जर्मनीत दिसलं. भाव वाढताहेत, लोकांना नोटा पुरत नाहीत, तेव्हा आणखी छापा, असा राइशबँक या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा हिशेब होता. बँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन यांनी ऑगस्ट 1923 मध्ये सांगितलं की तोवर चलनात असलेल्या एकूण नोटांच्या दोन तृतीयांश नोटा लवकरच एकाच दिवसात काढता येतील. आणि हे त्यांनी कबुली म्हणून नव्हे, कामगिरी म्हणून सांगितलं! नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते.

अमेरिकेनं नेमकी उलटी चूक केली. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटननं सोनं सोडलं, आता पाळी डॉलरची असं वाटून अमेरिकेतलं सोनं बाहेर जाऊ लागलं, तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, फेडरल रिझर्व्हनं (फेड), ऑक्टोबरमध्ये दर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला. महामंदी ऐन भरात असताना! 1929 ते 1933 या काळात अमेरिकेतला पैशाचा पुरवठा सुमारे एक तृतीयांशानं आटला. फेडच्या निष्क्रियतेनं मंदीची महामंदी केली, हा मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ या अर्थतज्ज्ञांचा आरोप फेडनं जाहीरपणे मान्य केला तो 2002 मध्ये. फ्रीडमन यांच्या नव्वदीच्या समारंभात फेडचे तेव्हाचे एक गव्हर्नर बेन बर्नांकी यांनी बँकेच्या वतीनं चक्क माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी भीती बेकारीची होती. बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या गड्यानं 1949 मध्ये लंडनमध्ये पारदर्शक टाक्या आणि नळ्यांचं एक यंत्र बनवलं होतं. देशात पैसा कसा फिरतो हे दाखवायला त्यात रंगीत पाणी फिरायचं. कराची तोटी पिळली की इकडची पातळी खाली, बचतीची सोडली की तिकडची वर. पुढे 1958 मध्ये याच फिलिप्सनी ब्रिटनच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं की बेकारी कमी असते तेव्हा मजुरी वेगानं वाढते. सरकारांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: थोडी महागाई सोसा, बेकारी कमी करून घ्या.

हे फार दिवस चालणार नाही, असं फ्रीडमन आणि दुसरे अर्थतज्ज्ञ एडमंड फेल्प्स 1960 च्या दशकाच्या शेवटी सांगत होते. त्यांचा मुद्दा साधा होता. नळीतल्या पाण्याला उद्याचा अंदाज नसतो, माणसांना असतो. दरवर्षी भाव वाढणार हे एकदा कळलं की कामगार तेवढी पगारवाढ आधीच मागतो, कारखानदार तेवढा भाव आधीच चढवतो. मग बेकारी होती तिथंच येते आणि महागाई तेवढी उरते. 1971 च्या ऑगस्टमध्ये निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याचा उरलासुरला संबंध तोडला, 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले, आणि महागाई व बेकारी दोन्ही एकदम चढल्या.

फेडचे माजी अध्यक्ष आर्थर बर्न्स यांनी 30 सप्टेंबर 1979 रोजी बेलग्रेडमध्ये एक व्याख्यान दिलं. त्याचा सूर असा की महागाई मोडण्याची ताकद मध्यवर्ती बँकेकडे असते, पण काळाचा राजकीय प्रवाह ती वापरू देत नाही. पुढे त्याच खुर्चीवर आलेले पॉल व्होल्कर त्याच दिवसांत नाणेनिधीच्या बैठकीसाठी बेलग्रेडमध्ये होते. ते बैठक अर्धवट सोडून परतले आणि 6 ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, पत्रकारांना बोलावून म्हणाले की आता पैशाचा पुरवठा आवळला जाईल, व्याजदर जातील तिथं जातील.

ते गेले 20 टक्क्यांच्या आसपास. धोरण पोटापर्यंत कसं पोचतं याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं नसेल. कर्ज महागलं म्हणून घरं विकली जाईनात, म्हणून नवी बांधली जाईनात, म्हणून लाकूड पडून राहिलं. बांधकाम व्यावसायिक त्या लाकडाचे तुकडे, वर विनवण्या आणि शिव्या लिहून, टपालानं फेडला पाठवत होते. न विकलेल्या मोटारींच्या किल्ल्या आल्या. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट मुख्यालयावर धडकले. 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर होती. डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या देशांचंही कंबरडं मोडलं. मेक्सिकोनं त्याच ऑगस्टमध्ये हात वर केले. मार्च 1980 मधली 14.8 टक्क्यांची महागाई मात्र 1983 मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास आली. आज व्होल्कर यांचं नाव आदरानं घेतलं जातं. तो आदर बहुतांशी ज्यांची नोकरी गेली नाही त्यांचा आहे, असं मला वाटतं.

एवढी किंमत मोजावी लागली कारण बँक मागे हटणार नाही यावर कुणाचा विश्वासच नव्हता. मग तो विश्वास आधीच का बांधू नये? हा प्रयोग फिलिप्स यांच्याच न्यूझीलंडनं केला. 1989 च्या कायद्यानं तिथल्या रिझर्व्ह बँकेला भावस्थैर्य हे एकच काम दिलं आणि त्याची जबाबदारी गव्हर्नरवर टाकली. महागाईचं लक्ष्य ठरलं 0 ते 2 टक्के. हा आकडा कुठल्या मोठ्या संशोधनातून आला नव्हता; अर्थमंत्री रॉजर डग्लस 1988 मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत शून्य ते एक टक्का असं काहीसं बोलून गेले होते, त्यावरून तो घडत गेला. गव्हर्नर डॉन ब्रॅश गावोगाव भाषणं देत फिरले. त्यात ते आपल्या काकांची गोष्ट सांगत: त्यांनी आयुष्यभर जोपासलेली सफरचंदांची बाग 1971 मध्ये विकून पैसे सरकारी रोख्यांत ठेवले, आणि मुदत संपेपर्यंत त्या पैशाची बहुतेक क्रयशक्ती महागाईनं खाऊन टाकली.

कॅनडा, ब्रिटन, स्वीडन मागोमाग आले. फेडनं 2 टक्क्यांचा आकडा अधिकृतपणे जाहीर केला तो थेट 2012 मध्ये. तोवर 2008 च्या आर्थिक संकटात दर शून्याला टेकले होते आणि मध्यवर्ती बँका रोखे विकत घेऊन पैसा ओतत होत्या. महागाई भडकेल असं तेव्हा अनेकांनी बजावलं होतं. पुढची दहा वर्षं ती बहुतेक काळ लक्ष्याच्या खालीच रेंगाळली.

भडका उडाला तो महासाथीनंतर. अमेरिकेत जून 2022 मध्ये महागाई 9.1 टक्के, ब्रिटनमध्ये ऑक्टोबरमध्ये 11.1. फेडनं मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात दर शून्याजवळून सव्वापाच ते साडेपाचच्या पट्ट्यात नेला. तुर्कस्ताननं नेमकं उलट करून पाहिलं: अध्यक्ष एर्दोगान यांच्या आग्रहाखातर 2021 च्या शरदात दर 19 वरून 14 टक्क्यांवर आणले, आणि वर्षभरात सरकारी आकड्यांनुसारच महागाई 85 टक्क्यांवर गेली.

अमेरिकेत या खेपेला महागाई उतरली, तरी व्होल्कर यांच्या वेळची बेकारी आली नाही. दोन टक्क्यांवर बसलेल्या विश्वासानं हे साधलं, की बंदरांतला तुंबलेला माल सुटला आणि भाव आपोआप खाली आले, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत.