जास्त गिअर म्हणजे सोपा चढ? नाही

सिंहगडाचा घाट चढायचाय? मग २१ गिअरची सायकल घ्या, १२ची नको, असं दुकानांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हा सल्ला चुकीचा आहे. २१ म्हणजे पुढे पेडलपाशी ३ दातेरी चकत्या गुणिले मागच्या चाकावर ७. त्यातले कित्येक गिअर जवळपास सारखेच पडतात. खड्या चढावर महत्त्व एकाचंच: सर्वांत हलक्याचं. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा. आकडा जितका लहान, तितका गिअर हलका.

२१ गिअरच्या अनेक सायकलींवर हा हिशेब २८ भागिले २८, म्हणजे १ येतो. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, म्हणून पेडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच पुढे जाते. पुढे एकच ३२ची चकती, मागे ५१ची असलेल्या १२ गिअरवालीवर ०.६३, एका फेऱ्यात जेमतेम १.३ मीटर. मिनिटाला ६० फेरे धरले, तर पहिलीला ताशी साडेसात किलोमीटरचा वेग राखावा लागतो, दुसरीला पावणेपाच पुरतो. दमलेल्या गुडघ्यांना हा फरक फार मोठा असतो.

उलट पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांची, २२ गिअरची महागडी रोड सायकल १.२१वरच अडते.

घेण्याआधी खाली बसून दाते मोजाच.