पाच डॉलरचा हेलपाटा

वस्तूचा फोनवर फोटो काढायचा. वीसेक मिनिटांत माणूस दारात येणार, खोका नसला तरी वस्तू आहे तशी उचलणार, गोदामात तिचे पॅकिंग होणार आणि सगळ्यांत स्वस्त पडेल त्या कंपनीमार्फत ती रवाना होणार. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘शिप’ या स्टार्टअपने ही सेवा सुरू केली तेव्हा उचलण्याचा आकार होता पाच डॉलर, टपालखर्च वेगळा. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लायनर पर्किन्स या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने कंपनीत पाच कोटी डॉलर आले आणि तिची किंमत २५ कोटी डॉलर धरली गेली. मार्च २०१८ मध्ये कंपनी बंद झाली.

कल्पना उत्तम होती, घाई नडली, असे तेव्हा म्हटले गेले. घाई झालीच होती. पण माझ्या मते मूळ दुखणे वेगळे आणि फार जुने आहे. पोचवणे आणि उचलून आणणे ही एकाच कामाची दोन टोके वाटतात. खर्चाच्या हिशोबात मात्र ती दोन वेगळी कामे आहेत. पोचवणारी गाडी सकाळी भरून निघते. थांबे आधी ठाऊक असतात, एका गल्लीतली दहा पार्सले एका फेरीत उरकतात. बोलावल्यावर उचलायला जाणाऱ्याला पुढची हाक कुठून येईल हे माहीत नसते. त्याची प्रत्येक खेप एका पार्सलसाठी असते, आणि ग्राहकाने ‘पाच मिनिटं थांबा’ म्हटले की तीही लांबते.

हे ज्यांनी ओळखले त्यांनी पाठवणाऱ्यालाच थोडे चालायला लावले. विल्यम डॉकरा याने १६८० मध्ये लंडनात पेनी पोस्ट काढले. एका पेनीत, एक पौंडापर्यंतचे पत्र किंवा पुडके शहरभर कुठेही. स्वस्ताईचे रहस्य शहरभर पसरलेल्या शेकडो ठेवठिकाणांत होते. लोक तिथे वस्तू आणून ठेवत आणि ठरलेल्या वेळी हरकारे ती गोळा करत. डॉकराचा हिशोब चुकला नव्हता. त्याची सेवा १६८२ मध्ये गेली ती टपालाच्या मक्तेदारीवरून राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्याशी झालेल्या वादात. मग सरकारने तीच व्यवस्था स्वतः चालवली.

सगळ्यांत बोलके उदाहरण यूपीएसचे. पार्सले पोचवणारी ही कंपनी आज तपकिरी गाड्यांनी ओळखली जाते. सुरुवात मात्र १९०७ मध्ये सिएटलच्या एका तळघरात झाली. जिम केसी आणि क्लॉड रायन या तरुणांनी शंभर डॉलर उसने घेऊन ‘अमेरिकन मेसेंजर कंपनी’ काढली. फोन वाजला की पोऱ्या पायी किंवा सायकलवर धावायचा. निरोप, सामानाच्या बॅगा, खाण्याची ताटे, जे सांगाल ते. आजच्या भाषेत हा ‘ऑन डिमांड’ धंदाच होता, फक्त अ‍ॅपच्या जागी टेलिफोन. पण टेलिफोन घरोघर पोचला तसे निरोप्याचे काम आटू लागले. मग केसीने मोठ्या दुकानांचा माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम धरले आणि एका वस्तीची पार्सले एकाच गाडीत घालायला सुरुवात केली. पुढे १९२२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कंपनीने व्यापाऱ्यांसाठी रोजच्या पिकअपची सोय आणली. माल असो वा नसो, गाडी रोज येणार. बोलावणे गेले, वेळापत्रक आले. ज्या धंद्यातून यूपीएस बाहेर पडली, त्याच धंद्यात शंभर वर्षांनी कोट्यवधी डॉलर ओतले गेले. याचे मला राहून राहून नवल वाटते.

अमेरिकी टपाल खात्याची पार्सल पोस्ट १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाली. तिच्या यशाचे कारणही हेच. खेड्यापाड्यांत घरपोच टपाल १८९६ पासून जात होते, म्हणजे पोस्टमनची फेरी ठरलेलीच होती. पार्सल त्या फेरीत जादा चढले एवढेच. (लोक इतके खूश झाले की ओहायोतल्या एका जोडप्याने १५ सेंटचे तिकीट लावून तान्हे मूल आजीकडे पाठवले. पुढे खात्याला अशा ‘पार्सलां’वर बंदी घालावी लागली.)

डॉट कॉमच्या काळात न्यूयॉर्कच्या कोझ्मोने एका तासात मोफत घरपोच सेवेचे आश्वासन दिले. १९९८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी एप्रिल २००१ मध्ये मिटली. तिच्या कहाणीतला एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. भाड्याने दिलेल्या व्हिडिओ कॅसेटी परत घ्यायला तिने माणूस पाठवला नाही. स्टारबक्सच्या दुकानांत पेट्या ठेवल्या. फुकट पोचवायला तयार असलेल्या कंपनीलाही परत आणायला जाणे परवडणारे वाटले नव्हते.

आता पाच डॉलरचा हिशोब मांडू. सॅन फ्रान्सिस्कोत मे २०१५ पासून किमान वेतन तासाला १२.२५ डॉलर होते. समजा, रहदारी आणि पार्किंग सांभाळून एका माणसाने तासात दोन पार्सले उचलली. उत्पन्न दहा डॉलर. मजुरीसुद्धा सुटली नाही. गाडी, गोदाम, खोके, टेप बाजूलाच राहिले. त्याच वर्षी ‘शिप’ने कंत्राटी कुरिअरना नोकरीत घेतले. ते योग्यच होते, पण हेलपाट्याची खरी किंमत त्यामुळे ताळेबंदात उघडी पडली. भरपाई व्हायची होती ती टपालखर्चातल्या फरकातून. मोठ्या ग्राहकाला वाहतूक कंपन्या घाऊक सवलत देतात, सामान्य माणूस खिडकीवर पूर्ण दर भरतो. मधली रक्कम ‘शिप’ची.

यात अडचण अशी की सामान्य माणूस वर्षातून पार्सले पाठवतो किती? नाताळात दोन-चार, एखादे वाढदिवसाला. रोज पाठवतात ते विक्रेते, आणि त्यांना घाऊक सवलत, घरी छापलेले लेबल, टपाल खात्याचे मोफत पिकअप हे सगळे आधीच मिळत होते. सहसंस्थापक केविन गिबन याने स्वतः ईबेवर विक्री केली होती. विक्रेत्याची गरज त्याला कळत नव्हती असे नाही. तरी कंपनी घरगुती ग्राहकाच्या मागे शहरामागून शहरे घेत गेली. सरसकट पाच डॉलरचा आकार पुढे सोडावा लागला, २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वगळता बाकी शहरे सोडून व्यावसायिक ग्राहकांकडे वळावे लागले. काहीही करून वाढ, हा सापळा होता आणि आपण त्यात अडकलो, अशी कबुली गिबनने कंपनी बंद करताना दिली. उबरची कुरिअर सेवा ‘उबररश’सुद्धा २०१८ च्याच जूनअखेर थांबली.

मग हा धंदा चालूच शकत नाही का? स्वतंत्र कंपनी म्हणून मला तरी अवघड दिसतो. दुसऱ्याच्या फेरीवर स्वार होऊन चालतो, याची उदाहरणे मात्र आहेत. २०२३ मध्ये आधी खाणे घरपोच करणाऱ्या डोअरडॅशने आणि मग उबरने पार्सल उचलण्याची सोय सुरू केली. दर तेव्हा दोघांचाही पाच डॉलर होता, सभासदांना तीन. एका खेपेत पाच पार्सले चालत. चालक खाण्याच्या ऑर्डरींसाठी रस्त्यावर असतोच. पार्सल उचलून जवळच्या टपाल कार्यालयात किंवा यूपीएस-फेडेक्सच्या दुकानात टाकले की त्याचे काम संपले. गोदाम नाही, पॅकर नाही. अट मात्र ही, की पार्सल बांधलेले आणि टपालखर्च आधीच भरलेला हवा. म्हणजे ज्या कटकटीतून ‘शिप’ लोकांना सोडवणार होती, तो खोका आणि ती टेप पुन्हा ग्राहकाच्याच गळ्यात.