कार्ययादी निर्यात, साध्या मजकुरातील

कार्ययादीच्या अ‍ॅपमध्ये साठवलेली कामे अ‍ॅपविना वाचता येतील अशा मजकूर फाइलीत बाहेर काढण्याची प्रक्रिया. अ‍ॅपची नोंद सहसा डेटाबेसमध्ये असते. निर्यातीत काम, मुदत, अग्रक्रम इ. ओळींच्या रूपात उतरतात.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद संभवतात. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) ‘कॅलेंडर’ ही आज्ञा मजकूर फाइलीतून आजच्या व उद्याच्या तारखांच्या ओळी काढून दाखवी, म्हणून परंपरा तिथपर्यंत नेता येते. परंतु तेथे फाइल हीच मूळ नोंद होती. निर्यात करण्याजोगे वेगळे काही नव्हते. त्या दृष्टीने १९९६ चे व्हीकॅलेंडर हे दिनदर्शिकेच्या देवाणघेवाणीचे स्वरूप अधिक जवळचे. त्यात भेटींच्या जोडीला कामांसाठी ‘व्हीटूडू’ हा घटक होता आणि तोच आयकॅलेंडर या पुढच्या मानकामध्ये (इंटरनेट-मानकांचा दस्तऐवज आरएफसी २४४५, १९९८, सुधारित आरएफसी ५५४५, २००९) आला. ही फाइल मजकुराचीच असली तरी ती यंत्राने यंत्रासाठी लिहिलेली असते. माणसाने हाताने तीत काम वाढवावे अशी तिची घडण नाही. कार्स्टन डोमिनिक यांचे ऑर्ग-मोड (२००३) माणसाला वाचता येते, मात्र ते ईमॅक्स या मजकूर-संपादक कार्यक्रमाभोवती वाढले. सध्याच्या अर्थाने ही पद्धत २००६ च्या सुमारास रूढ होऊ लागली, असे मानणे सयुक्तिक दिसते. जीना ट्रॅपानी यांचे टूडू-टीएक्सटी हे स्वरूप आणि जेसी ग्रोसजीन यांचे टास्कपेपर ही दोन्ही त्याच सुमाराची.

टूडू-टीएक्सटीत एक ओळ म्हणजे एक काम. ओळीच्या आरंभी कंसात रोमन कॅपिटल अक्षर असल्यास तो अग्रक्रम. मग निर्मितीची तारीख. प्रकल्पाला अधिक चिन्ह, संदर्भाला ‘अ‍ॅट’ चिन्ह. काम संपले की ओळीपुढे लहान लिपीतील एक्स व समाप्तीची तारीख येते. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असल्याने अक्षरानुक्रमे लावलेली यादी कालानुक्रमेही लागते; या स्वरूपाचे बरेचसे चातुर्य एवढ्यातच आहे. मुदतीसाठी नाव व मूल्य यांमध्ये अपूर्णविराम (:) घालून जोडी लिहितात.

पुनरावर्ती कामे व उपकामे यांना मूळ विनिर्देशात जागा नाही. काही अ‍ॅपनी त्यासाठी स्वतःच्या जोड्या प्रचारात आणल्या, पण एकाची जोडी दुसऱ्याला कळेलच असे नाही. अग्रक्रमाचेही नीट जुळत नाही: आयकॅलेंडरमध्ये तो १ ते ९ असा उतरता असतो (शून्य म्हणजे अनिर्दिष्ट), तर टूडू-टीएक्सटीत सव्वीस अक्षरे. निर्यात करणारा कार्यक्रम यांचा मेळ आपल्या मर्जीने घालतो. सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या मजकूर फाइलीत) रकाने शाबूत राहतात, परंतु कामाखालचे काम दाखवायला वेगळा रकाना लागतो.

देवनागरीत लिहिलेल्या यादीच्या अडचणी निराळ्या. आयकॅलेंडरची ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी, ती मोडून पुढील ओळीच्या आरंभी मोकळी जागा सोडावी असा संकेत आहे. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; म्हणजे मात्रा-अनुस्वार धरून एका ओळीत जेमतेम २५ चिन्हे. कच्च्या कार्यक्रमाकडून चिन्हाच्या तीन बाइटांमध्येच ओळ तुटू शकते, हा इशारा खुद्द आरएफसी ५५४५ देते. मोडलेली ओळ बाइटांच्या पातळीवर आधी सांधली, तर नुकसान टळते. आधी अक्षरे वाचू पाहणारे वाचक तेथे अडखळतात. सीएसव्ही फाइल बाइट-क्रम चिन्हाविना (फाइलीच्या आरंभी संकेतन ओळखू देणाऱ्या खुणेविना) एक्सेलमध्ये थेट उघडल्यास ‘वीजबिल भरणे’ हे काम अगम्य लॅटिन अक्षरांत दिसू शकते. फाइल मात्र शाबूत असते. मराठी अंकांतील तारीख सर्वच कार्यक्रमांना उमगत नाही, म्हणून ती इंग्रजी अंकांत ठेवणे श्रेयस्कर.

निर्यातीची निकड बहुधा अ‍ॅप बंद होताना जाणवते. अ‍ॅस्ट्रिड याहूने २०१३ मध्ये विकत घेऊन त्याच वर्षी बंद केले. वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतले व मे २०२० मध्ये थांबवले. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमावलीच्या विसाव्या कलमाने (अंमल २५ मे २०१८) आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागण्याचा हक्क दिला, पण ते स्वरूप साधा मजकूरच असावे असे कलम सांगत नाही. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. त्याच विषयावरील २०२३ च्या अधिनियमात तो नाही.