क्रोमच्या खाली काय आहे?

जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर हौसेनं दारात उभी करणारे नाशकात कमी नाहीत. इंजिन बांधून होतं, रंगही मनासारखा लागतो. घोडं अडतं ते चकाकणाऱ्या सामानापाशी. बंपर, दाराची हँडलं, मोनोग्राम, काचेभोवतीच्या पट्ट्या. जुनंच सामान एमआयडीसीत नेऊन क्रोम करून आणायचं, की बाजारातलं नवं डुप्लिकेट बसवायचं? वाद बहुधा किमतीवर, नाहीतर ‘कंपनीचं ते कंपनीचं’ या वाक्यावर संपतो. माझ्या मते हा निकाल धातूवर सोडावा, आणि प्रत्येक भागाचा वेगळा लावावा.

आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोम नावापुरतंच असतं. बंपरवर त्याचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. आरशासारखी झळाळी असते ती त्याखालच्या निकेलची. निकेल किंचित पिवळट दिसतं आणि हवेत मंदावतं. वरचं क्रोम त्याला निळसर छटा देतं आणि मंदावू देत नाही. गंज रोखण्याचं काम मात्र निकेलच करतं, कारण क्रोमच्या थराला सूक्ष्म छिद्रं आणि भेगा असतातच. त्यातून पाणी आत शिरतं. क्रोम स्वतः शाबूत राहतं आणि झिजायची पाळी निकेलवर येते. तेही छिद्राएवढ्या जागेत, त्यामुळे खड्डा सरळ खाली लोखंडापर्यंत जातो. मुंबईत आयुष्य काढलेल्या गाडीला खाऱ्या हवेतलं क्लोराइड हा प्रवास आणखी सोपा करून देतं; कसारा चढून आलेल्या गाडीचे बंपर मागच्या बाजूने आधी पाहावेत ते त्यासाठीच.

यावरचा उपाय फार हुशारीचा आहे. निकेलचे दोन थर देतात: खालचा गंधकविरहित, वरचा किंचित गंधक असलेला आणि चकचकीत. वरचा थर विद्युत-रासायनिकदृष्ट्या जास्त सक्रिय, म्हणून आधी तो झिजतो. खड्डा खाली उतरायचं सोडून आडवा पसरतो आणि लोखंड वाचतं.

हे थर द्रावणाच्या टाकीत वीज सोडून चढवतात, त्यामुळे निकेलची जाडी ठरते वीजप्रवाह आणि वेळ यांवर. दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर प्रवाह दिला तर २० मायक्रॉन चढायला साधारण २५ मिनिटं लागतात. क्रोमचं काम मोजक्या मिनिटांत उरकतं. घाई असलेला माणूस कुठे हात आखडता घेईल, हे सांगायला नको. दुकानात मात्र ५ मायक्रॉन निकेलवाला बंपरही तितकाच चमकतो! स्वस्त डुप्लिकेट बंपर दोन पावसाळ्यांत ठिपके दाखवू लागतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. म्हणून जुन्या बंपरचा पत्रा आरपार कुजला नसेल तर तो ठोकून, घासून, पुन्हा क्रोम करून घ्यावा, आणि प्लेटिंगवाल्याला निकेल किती मायक्रॉन देणार हे आधी विचारावं. त्याला चमकेबद्दल विचारण्यात अर्थ नाही. बफिंगवर, म्हणजे चकाकी आणण्यासाठीच्या घासणीवर, मात्र लक्ष ठेवा. जास्त घासलं की कडा गोल होतात आणि मोनोग्रामची अक्षरं साबणावर कोरल्यासारखी बुळबुळीत दिसू लागतात.

हँडलांचं प्रकरण वेगळं आहे. ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. इथे ओल क्रोमखालून जस्ताला पोखरते, वर पुटकुळ्या येतात. पुन्हा क्रोम करताना हँडल तांब्याच्या आम्लयुक्त द्रावणात थेट बुडवलं तर जस्त विरघळू लागतं, म्हणून आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा पातळ थर चढवावा लागतो. हे द्रावण जहाल विषारी, त्यामुळे हे काम घेणारे थोडे. प्रत्येक खड्डा कोरायचा, तांब्याने भरायचा, घासायचा. मोजके खड्डे असतील तरच हे परवडतं. हँडल चाळणीसारखं झालं असेल तर मी डुप्लिकेट घेईन.

पण घेताना मापून. जुन्या हँडलचाच साचा काढून नवं ओतलं असेल तर थंड होताना धातू सुमारे ०.६ टक्के आक्रसतो. २०० मिलिमीटरच्या हँडलमागे एक मिलिमीटरहून जास्त! एक स्क्रू बसतो, दुसऱ्याचं भोक सरकलेलं. मग मेकॅनिक दाराच्या पत्र्यातलं भोक कानसीने मोठं करतो आणि पन्नास वर्षं टिकलेल्या दारात गंजाला नवी वाट मिळते. प्लॅस्टिकवर क्रोम चढवलेलं डुप्लिकेट हातात घेताच कळतं: हलकं लागतं आणि धातूसारखं गार लागत नाही.

स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांबाबत विचारच करू नये. त्यांच्यावर थर नसतोच, धातूच चमकतो. पोचे आतून हलके ठोकून पॉलिश केलं की झालं. चुंबक चिकटलं म्हणून त्यांना साधं लोखंड समजू नका. गाड्यांच्या पट्ट्यांना वापरतात त्या स्टेनलेसच्या एका जातीला चुंबक चिकटतं.

काचेभोवतीच्या रबराला, म्हणजे बीडिंगला, मात्र दया दाखवू नये. ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो, ऊन त्यांना कडक करतं, आणि हा बदल उलटा फिरत नाही. तेल चोळून दोन दिवस काळं दिसतं, एवढंच. भेगाळलेल्या बीडिंगमधून आत गेलेलं पाणी नव्याने चमकवलेल्या पट्टीच्या मागेच साचतं, तेव्हा बीडिंग नवीच घ्यावी, आणि पट्टी बसवायच्या आधी.