चोरलेली पाककृती: मॅकगफिन की पेरलेली वस्तू?

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला ‘फ्लेमिंग मोज’ हा भाग फॉक्स वाहिनीवर २१ नोव्हेंबर १९९१ रोजी दाखवला गेला. होमर सिम्पसन हा पिण्याचा शौकीन गृहस्थ चुकून एक भन्नाट पेय तयार करतो. मो हा त्याचा गुत्तेवाला मित्र त्या पेयाची कृती उचलतो, तिला स्वतःचे नाव देतो आणि तिच्या जोरावर त्याचा ओस पडलेला गुत्ता शहरातले सर्वांत गजबजलेले ठिकाण होतो. एखादी वस्तू चोरीला गेली आणि सगळी पात्रे तिच्याभोवती फिरू लागली की तिला ‘मॅकगफिन’ म्हणून मोकळे व्हायची सवय आपल्याला, म्हणजे मालिका-चित्रपटांविषयी हौसेने बोलणाऱ्यांना, लागलेली असते. मीही बराच काळ या भागातल्या कृतीला तेच म्हणत होतो. ते अर्धेच बरोबर आहे. या कृतीच्या पोटात आणखी एक कथनयुक्ती दडलेली आहे, तिला रशियन लेखक चेखव याच्या नावावरून ‘चेखवची बंदूक’ म्हणतात आणि साध्या मराठीत ‘पेरलेली वस्तू’ म्हणता येईल. या दोन युक्त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही ठिकाणी कथेच्या केंद्राजवळ एक वस्तूच असते आणि ती बहुधा लवकरच प्रेक्षकांसमोर येते.

मॅकगफिन हा शब्द आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकामुळे रूढ झाला. त्याचा अर्थ सांगताना तो एक किस्सा सांगत असे. आगगाडीत एक प्रवासी दुसऱ्याला विचारतो की वरच्या फळीवरचे ते गाठोडे कसले. दुसरा म्हणतो, तो मॅकगफिन आहे, स्कॉटलंडच्या डोंगरांत सिंह पकडण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पण त्या डोंगरांत सिंहच नाहीत, असे पहिला म्हणतो, तेव्हा उत्तर येते की मग तो मॅकगफिनही नव्हे. गाठोड्यात काही नसले तरी संभाषण पुढे सरकले, हे त्या किश्शाचे मर्म आहे. हेरकथेत ती गुप्त कागदपत्रे असतात, चोरांच्या कथेत रत्नहार असतो. पात्रांना त्यासाठी जीव द्यावासा वाटतो आणि प्रेक्षकाला मात्र त्याच्या आत काय आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. १९४६ च्या ‘नोटोरियस’ या चित्रपटात मद्याच्या बाटल्यांत युरेनियमचे खनिज लपवलेले आहे. निर्मात्याला ते पटेना, तेव्हा युरेनियम नको असेल तर हिरे ठेवू, अशी हिचकॉकची तयारी होती. या तयारीतच मॅकगफिन ओळखण्याची कसोटी आहे. वस्तू बदलून पाहावी. कथा जशीच्या तशी उभी राहिली तर ती वस्तू मॅकगफिन होय.

चेखवचे म्हणणे वेगळ्याच चिंतेतून आलेले आहे. नोव्हेंबर १८८९ मध्ये एका तरुण लेखकाला लिहिलेल्या पत्रात त्याने बजावले होते की कोणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. हा काटकसरीचा नियम आहे, पण त्याची दुसरी बाजू कथाकारांना अधिक उपयोगी पडली: जी वस्तू शेवटी फुटायची आहे ती आधी कधीतरी, शक्यतो दुसऱ्याच कुठल्या निमित्ताने, प्रेक्षकाच्या नजरेखालून गेली पाहिजे. आपल्याकडे नाट्यशास्त्रात पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथानकाचे घटक, सांगितल्या आहेत, त्यांतले ‘बीज’ या कल्पनेच्या बरेच जवळ जाते. सुरुवातीला अगदी थोडेसे टाकलेले, नंतर अनेक अंगांनी पसरणारे आणि शेवटी फळाला येणारे असे त्याचे वर्णन आहे. तरी दोन्ही एकच आहेत असे म्हणता येणार नाही, कारण बीज म्हणजे सगळ्या कथानकाचे मूळ असते, तर चेखवची बंदूक ही खोलीतल्या अनेक वस्तूंपैकी एक असते. ‘पेरणे’ हे क्रियापद मात्र दोन्हीकडे चपखल बसते. पेरलेल्या वस्तूला बदलीची कसोटी लावली की कथा कोसळते, कारण भिंतीवर बंदुकीऐवजी सतार टांगली तर शेवटच्या अंकात गोळी सुटणार नाही.

शुद्ध मॅकगफिन पाककृतीच्या रूपात पाहायचा असेल तर ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ या मालिकेकडे वळावे लागते. १९९९ साली सुरू झालेल्या या मालिकेत समुद्राच्या तळाशी मिस्टर क्रॅब्ज यांचे क्रस्टी क्रॅब नावाचे उपाहारगृह आहे आणि तिथल्या क्रॅबी पॅटी या बर्गरची कृती तिजोरीत जपून ठेवलेली आहे. समोरच चम बकेट नावाचे रिकामे हॉटेल चालवणारा, नखाएवढा प्लँक्टन ती कृती पळवण्यासाठी वर्षानुवर्षे नवनव्या क्लृप्त्या लढवतो. कृतीत नेमके काय आहे हे मालिका प्रेक्षकाला कळू देत नाही, आणि न कळल्यामुळे एकाही भागाचे काही बिघडत नाही. पॅटीच्या जागी लोणचे, रंग किंवा साबण ठेवला तरी प्लँक्टनची तीच धडपड, क्रॅब्जचा तोच कंजूषपणा आणि स्पंजबॉबची तीच भाबडी निष्ठा आपल्याला हसवेल. २०१५ च्या चित्रपटात तर ही कृती स्पंजबॉब आणि प्लँक्टन यांच्या ओढाताणीत सरळ अदृश्य होते आणि सगळे गाव रसातळाला जाते. मॅकगफिन नुसता ‘नाही’ झाला तरी कथा धावते, याचे यापेक्षा ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण आहे. (सिम्पसन्समधला क्रस्टी हा विदूषक आणि स्पंजबॉबचे क्रस्टी क्रॅब यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नावे जुळतात म्हणून इथे नमूद केले एवढेच.)

आता ‘फ्लेमिंग मोज’कडे यावे. इथे कृती पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला सांगितली जाते, आणि तीही आठवणीच्या चौकटीत. मोच्या गुत्त्यातली बियर संपलेली आहे. होमर त्याला सांगतो की एकदा पॅटी आणि सेल्मा या मेव्हण्या घरी आल्या होत्या, घरातली बियर संपली, तेव्हा आपण उरल्यासुरल्या बाटल्यांतला तळ एकत्र केला आणि त्यात क्रस्टी विदूषकाच्या नावाने विकले जाणारे, लहान मुलांचे खोकल्याचे औषध पडले. त्यावर मेव्हणीच्या सिगारेटची राख पडून पेयाने पेट घेतला आणि चव एकदम सुधारली. होमरला त्यामागचे शास्त्र ठाऊक नाही. आगीने ते चांगले झाले, एवढेच तो सांगू शकतो. म्हणजे या पेयाला दोन योगायोग लागतात, औषध आणि ज्वाला, आणि लेखकांनी त्यांची वाटणी मोठ्या हुशारीने केली आहे. ज्वाला गुत्त्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसते. किंबहुना लोक ती पाहायलाच गर्दी करतात. गुपित राहते ते फक्त औषध. निम्मी कृती उघड्यावर नाचते आहे आणि निम्मी काउंटरखाली आहे, त्यामुळे चोरी कशाची झाली हे प्रेक्षकाला कधीच विसरता येत नाही आणि शहरातल्या कोणालाही ओळखता येत नाही.

या अज्ञानावर भागाचा मधला विनोद उभा आहे. टिप्सी मॅकस्टॅगर नावाच्या मोठ्या उपाहारगृह-साखळीला ही कृती विकत हवी असते. तिच्यासाठी पेयाचे पृथक्करण करणारा प्रोफेसर फ्रिंकचा यंत्रसंच गुप्त घटक म्हणून ‘प्रेम’ असे उत्तर देतो, तेव्हा प्रोफेसर वैतागून विचारतो की यंत्राशी कोणी छेडछाड केली. हा विनोद स्पंजबॉबमध्ये करता आला नसता असे माझे मत आहे. घटक ‘प्रेम’ निघाल्यावर हसू येते ते खरा घटक किती क्षुद्र आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे; तो ठाऊक नसता तर ‘प्रेम’ हे उत्तर कदाचित आपणही गोड मानून घेतले असते.

या भागाला बदलीची कसोटी लावून पाहू. औषधाऐवजी हिमालयातली एखादी दुर्मीळ वनस्पती ठेवली तर काय होईल? होमरचा संताप तसाच राहील, मोची लबाडीही तशीच राहील, गुत्त्यापुढची रांगही लागेल. म्हणजे भांडणापुरती ती कृती मॅकगफिनच आहे. होमरला सलते आहे ते नाव, पैसा किंवा चव नव्हे, आणि नावाचे भांडण गाण्यावरून, यंत्रावरून, कवितेवरूनही झाले असते. शेवट मात्र मुळीच तसा राहणार नाही. साखळीचा प्रतिनिधी दहा लाख डॉलरचा धनादेश घेऊन गुत्त्यात बसलेला असताना, सूडाने पछाडलेला होमर वरच्या तुळयांवर चढून भर गर्दीत ओरडतो की गुप्त घटक म्हणजे मुलांचे खोकल्याचे साधे औषध आहे, जे कोणत्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. प्रतिनिधी धनादेश फाडून टाकतो आणि पाहता पाहता त्याच रस्त्यावर दुतर्फा नकली पेयांची दुकाने उघडतात. हिमालयातली वनस्पती असती तर ही दुकाने उघडली नसती. गुपित स्वस्त, घरगुती आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणारे असल्यामुळेच ते उच्चारताक्षणी निकामी होते. सुरुवातीला होमरच्या बावळटपणाची गंमत म्हणून पेरलेली ती बाटली शेवटी बंदुकीसारखी सुटते.

यात कायद्याचा एक दुवा आहे, आणि तो मला या भागातला सर्वांत सफाईदार वाटतो. आपले काही चालेल का हे पाहायला सिम्पसन पतिपत्नी लायनेल हट्झ या नालायक वकिलाकडे जातात. हट्झ चक्क पुस्तक उघडून सांगतो की पेयावर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) मिळत नाही, आणि आपल्याला खरोखर काही शोधून सापडले याचेच त्याला नवल वाटते. विनोद बाजूला ठेवला तरी त्याचे म्हणणे बरोबर आहे: अमेरिकन कायद्यात घटकांच्या नुसत्या यादीला स्वामित्वहक्काचे संरक्षण नसते, आणि अशी कृती सहसा व्यापारी गुपित म्हणूनच जपावी लागते. आपण या प्रसंगाकडे वकिलाची टिंगल म्हणून पाहतो आणि पुढे सरकतो. पण जी कृती होमरला स्वामित्वहक्काने मिळू शकत नाही तीच मोला किंवा साखळीलाही स्वामित्वहक्काने राखता येत नाही. गुपित फुटले की दहा लाखांचे शून्य का होते, याचा खुलासा या प्रसंगात आधीच देऊन ठेवलेला आहे. ही दुसरी पेरणी आहे, आणि ती विनोदाच्या आवरणाखाली झाल्यामुळे लक्षातही येत नाही. मॅकगफिनला असा खुलासा कधीच लागत नाही, कारण त्याचे मोल पात्रांच्या हव्यासातून येते. पेरलेल्या वस्तूला मात्र तिच्या स्वतःच्या गुणधर्मांनी काम करावे लागते.

साप्ताहिक विनोदी मालिकेच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. अशा मालिकेत बहुतेक वेळा भाग संपताना घडी पूर्ववत बसवावी लागते, म्हणजे मो पुढच्या आठवड्यात पुन्हा कंगाल गुत्तेवालाच असला पाहिजे. मॅकगफिन हे काम न उलगडून करतो: क्रॅबी पॅटीची कृती तिजोरीत परत गेली की प्लँक्टन पुढच्या भागासाठी मोकळा होतो, आणि हाच मॅकगफिन शेकडो वेळा वापरता येतो. पेरलेली वस्तू हे काम उलगडून करते, आणि एकदाच करते. खोकल्याच्या औषधाचे नाव सर्वांना कळल्यावर मोची श्रीमंती संपते, घडी बसते, आणि ती बाटली पुन्हा त्याच अर्थाने वापरता येत नाही. एकाच विषयावरच्या दोन मालिकांनी परस्परविरुद्ध मार्ग घेतले ते या गरजेमुळे. एका मालिकेला चोरीचा खेळ चालू ठेवायचा होता, दुसरीला तो एका भागात मिटवायचा होता.

होमर तुळयांवरून ओरडतो त्या क्षणाला प्रेक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते आणि त्याला नसते: कोलेट या वेट्रेसच्या आग्रहाने मो निम्मी रक्कम होमरला देण्यास तयार झालेला असतो. अनेक जण हा प्रसंग औषधाच्या स्फोटाशी एकत्र करून ‘ट्विस्ट’ म्हणतात, पण हे नाट्यात्म उपरोधाचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात वस्तूला काही भूमिका नाही. माहितीची दरी पात्रांमध्ये आहे. औषधाच्या जागी काहीही असते तरी ती दरी तशीच राहिली असती.

आणि म्हणून या भागाला दोन शेवट आहेत, एक पेरणीचा आणि एक मॅकगफिनचा. औषध फुटते, रस्ता नकली दुकानांनी भरतो, पेयाची बाजारातली किंमत नाहीशी होते. तिथे पहिला शेवट होतो. नावाचे भांडण मात्र अजून मिटलेले नसते. पुन्हा ओस पडलेल्या गुत्त्यात होमर मोची माफी मागायला येतो, तेव्हा मो एक पेला भरून पेटवतो, त्याच्यापुढे सरकवतो आणि त्या पेयाला प्रथमच ‘फ्लेमिंग होमर’ म्हणतो.