लघवीची घाई, रोजची गोळी आणि तोंडाची कोरड

कोल्हापूरहून पुण्याला जायचं म्हटलं की काही माणसं आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडतात. सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, गाडी मध्ये कुठं थांबेल याचा भरवसा नाही आणि लघवी लागली की पाच मिनिटंही दम निघत नाही. अशी माणसं लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना आधी बाथरूम कुठं आहे ते बघतात, अंबाबाईच्या दर्शनाची रांग मोठी दिसली तर बाहेरूनच हात जोडतात. अचानक येणारी अनावर घाई, दिवसात आठ किंवा जास्त वेळा लघवी, रात्री झोपेतून उठावं लागणं आणि कधी पोहोचेपर्यंत कपडे ओले होणं, या त्रासाला वैद्यकात ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ म्हणतात. वय झालं म्हणून हे सोसायलाच हवं असं नाही. यावर चांगल्या गोळ्या आहेत. पण त्या घेणारे बरेच जण पहिल्या महिन्यातच सोडून देतात, आणि त्यामागे एक नेहमीची फसगत असते.

ती समजण्यासाठी गोळी काय करते ते बघू. लघवीची पिशवी ही स्नायूंची असते, मोठ्या माणसात तिच्यात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते. दीडदोनशे मिली भरली की पहिली जाणीव होते, पण स्नायू सैलच राहतो आणि आपण हातातलं काम उरकून जाऊ शकतो. या आजारात तो स्नायू पिशवी अर्धी भरायच्या आतच आकसायला लागतो. आकसण्याचा निरोप मज्जातंतू ‘असिटिलकोलीन’ या रसायनाच्या हातून पाठवतात. सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, ट्रॉस्पियम ही औषधं तो निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत. अडचण अशी, की हेच रसायन तोंडात लाळ सोडायला, आतड्याला चालना द्यायला, डोळ्याची बाहुली लहान करायला आणि घाम यायलाही सांगत असतं. गोळी रक्तातून सगळीकडे जाते, त्यामुळे निरोप सगळीकडेच थोडाफार अडतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं. आपल्याकडे याचा अर्थ ठरलेला आहे: गोळी उष्ण पडली. मग घरातले सब्जा, ताक, कोकम सरबत आणि तांब्याने पाणी सुरू करतात. दिवसाला लिटरभर पाणी जास्त पोटात गेलं की लघवीही तेवढीच वाढते. पंधरा दिवसांनी माणूस म्हणतो, घाई होती तेवढीच आहे आणि वर तोंड सुकतंय, गोळी बंद. गोळीने तिचं काम केलेलं असतं, ते वाढलेल्या पाण्यात झाकलं गेलेलं असतं.

कोरड पडली की घोट घ्या, पेला रिचवू नका. चूळ भरून टाका, बिनसाखरेची बडीशेप किंवा च्युइंगगम चघळा. दिवसाचं एकूण पाणी, चहा, ताक, आमटी धरून दीड ते दोन लिटरच्या आसपास ठेवा. उन्हात काम असेल तर जास्त. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, त्यामुळे रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून मगच झोपा. लाळ वाढावी म्हणून दिवसभर गोळ्या-चॉकलेट चघळणं दातांना फार महागात पडतं. मिश्री लावणाऱ्या बायकांनी ती निदान आता तरी सोडावी, कोरड्या तोंडात तंबाखू हिरड्यांना अधिकच जाळते. उलट टोकाला जाऊन पाणी फार तोडलं तरी नुकसानच आहे: लघवी घट्ट होऊन पिशवीला चुरचुरते, घाई वाढते, शिवाय शौचाला खडा होतो.

बद्धकोष्ठाला किरकोळ समजू नका. गुदाशय मळाने भरलेलं असेल तर ते पुढच्या लघवीच्या पिशवीवर दाबतं आणि घाई वाढवतं. म्हणजे गोळीने घाई कमी करायची आणि तिनेच झालेल्या बद्धकोष्ठाने ती परत आणायची, असं चक्र सुरू होतं. डॅरिफेनासिनने हा त्रास जरा जास्त होतो, तर कोरडेपणात साधं ऑक्सिब्युटिनिन पुढं असतं. गोळी सुरू होते त्याच दिवसापासून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू वाढवावा. चमचाभर इसबगोल रात्री घ्यायचं असेल तर ते पेलाभर पाण्यातच घ्या आणि तो पेला संध्याकाळच्या हिशेबात धरा. तीन दिवस शौचाला झालंच नाही तर डॉक्टरांना कळवा.

गोळी लिहिण्यापूर्वी काय तपासलं गेलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना हे बघितलं पाहिजे, रक्तातली साखर बघितली पाहिजे आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती लघवी उरते हे सोनोग्राफीत मोजलं पाहिजे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत आणि बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत ही शेवटची तपासणी चुकवू नये. दीडदोनशे मिलीपेक्षा जास्त लघवी मागे उरत असेल तर स्नायू आणखी सैल करणारी गोळी जपूनच द्यावी लागते.

याहून स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी तपासणी घरी होते. बाजारात मापाच्या खुणा असलेला लिटरचा प्लास्टिकचा मग मिळतो. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी त्यात करा आणि वहीत वेळ, किती मिली, घाई झाली का, कपडे ओले झाले का, एवढं लिहा. शेजारी काय आणि किती प्यायलात ते लिहा. त्या वहीतून पुष्कळ कळतं. दर वेळी 80-100 मिलीच होते आणि दिवसात बारा-चौदा वेळा जावं लागतं, तर पिशवीच उतावीळ आहे. पण दर वेळी 350 मिली होते आणि चोवीस तासांची बेरीज वजनाच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलीच्या वर जाते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2400 मिलीहून अधिक, तर पिशवीचा दोष नाही. तिथं पाणी जास्त होतंय, साखर वाढली आहे किंवा एखादी दुसरी गोळी लघवी वाढवते आहे. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन, सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड ही त्यातली नेहमीची नावं. वयस्क माणसाची दिवसाच्या एक तृतीयांशाहून अधिक लघवी रात्रीच होत असेल आणि संध्याकाळी पायांना सूज असेल, तर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे येतं आहे. त्याला दुपारी तासभर पाय उंच ठेवणं आणि फ्युरोसेमाइडची वेळ डॉक्टरांना विचारून बदलणं याचा उपयोग होतो, घाईची गोळी तिथं फारसं काही करत नाही.

तांबडा रस्सा आणि मिसळ बंद करा, हा सल्ला कोल्हापुरात सगळ्यांना मिळतो. काहींना तिखटाने घाई वाढते, काहींना अजिबात नाही. वही आहे तर एक आठवडा सोडून बघा, पुढच्या आठवड्यात खाऊन बघा आणि स्वतःचं उत्तर स्वतः शोधा. चहाचं मात्र बहुतेकांच्या वहीत उघड दिसतं: त्यातलं कॅफिन लघवीही वाढवतं आणि पिशवीलाही डिवचतं. दिवसात दोन कप, आणि संध्याकाळी पाचनंतर नाही, एवढ्याने पुष्कळांची एक रात्रीची फेरी वाचते.

आता मात्रा. सोलिफेनासिन दिवसातून एकदा 5 मिलिग्रॅमने सुरू करतात, चालली आणि कमी पडली तर 10. डॅरिफेनासिन 7.5 पासून 15 पर्यंत. टोल्टेरोडिनचा लांब चालणारा प्रकार 4 मिलिग्रॅम एकदा. ट्रॉस्पियम मात्र उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर घ्यायचं, कारण अन्नाबरोबर ते रक्तात फारच कमी उतरतं. मूत्रपिंडं बरीच कमजोर असतील तर सोलिफेनासिन 5 च्या वर नेत नाहीत, यकृताच्या आजारातही मात्रा बदलते. बुरशीवरचं केटोकोनाझोल पोटातून घेत असताना सोलिफेनासिनची रक्तातली पातळी चढते, तेव्हाही 5 हीच हद्द.

दुसऱ्या जातीचं औषध मिराबेग्रॉन. ते निरोप अडवत नाही, स्नायूला सैल होण्याची वेगळी खूण देतं. म्हणून तोंड आणि पोट यांना त्याचा जाच कमी. 25 मिलिग्रॅमने सुरुवात, मग 50. त्याचं जोखमीचं अंग म्हणजे रक्तदाब. वरचा 180 किंवा खालचा 110 आणि त्यापुढं असेल तर ही गोळी घ्यायची नाही. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी आणि पहिल्या काही आठवड्यांत रक्तदाब मोजून वहीत लिहावा. हृदयासाठी मेटोप्रोलॉल किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर सांगा, मिराबेग्रॉनमुळे त्यांची पातळी वाढू शकते. या दोन जातींच्या औषधांची एकत्र गोळीही आपल्या बाजारात आहे. ती पहिल्याच भेटीत सुरू करण्यापेक्षा एक औषध पुरतं का ते आधी बघणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण दोन्ही सोबत घेतली आणि त्रास झाला तर कुठल्या औषधाने झाला हे कळत नाही.

मिराबेग्रॉन आणि लांब चालणाऱ्या सगळ्या गोळ्या अख्ख्याच गिळायच्या. आजीला गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून मधात दिली, तर दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम पोटात सुटतं. गिळायची अडचण असेल तर डॉक्टरांकडून प्रकार बदलून घ्या. रोजची एक गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवसाची वेळ आली असेल तर एकच घ्या, दोन नाही. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली तर पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. दोन वेगळ्या नावांनी एकच औषध सकाळ-संध्याकाळ पोटात जाण्याचे प्रकार होतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो न सांगता घेतलेल्या इतर गोळ्यांनी. सर्दीची गोळी कुठल्याही मेडिकलात मिळते. तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, आणि तेही असिटिलकोलीनचाच निरोप अडवतं. पोटदुखीवरचं डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलीन, कंपवातावरचं ट्रायहेक्सिफेनिडिल याच कुळातली. एकेकटं पचतं, तिघं एकत्र आली की सत्तरीतला माणूस संध्याकाळी गोंधळायला लागतो, घरच्यांची नावं चुकवतो, अडखळून पडतो. अशा वेळी ‘विसरभोळेपणा सुरू झाला’ असं ठरवण्याआधी सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा. ही औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळल्याचं निरीक्षणांतून दिसलं आहे. औषधामुळेच तो होतो हे त्याने सिद्ध होत नाही, पण पासष्टीपुढं मिराबेग्रॉनचा किंवा मेंदूत फारसं न शिरणाऱ्या ट्रॉस्पियमचा विचार आधी करायला ते पुरेसं कारण आहे. आणि ज्यांना स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल चालू आहे त्यांची घाई त्या गोळीनेच वाढलेली असू शकते. तिच्यावर निरोप अडवणारी गोळी देणं म्हणजे एकाच दोरीला दोन्हीकडून ओढणं.

काही खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ओटीपोट फुगून ताणलं आहे, लघवी लागली आहे पण होत नाही, किंवा सारखी थेंब-थेंब गळते आहे, तर पिशवी तुंबली आहे. ही गळती म्हणजे आजार वाढला असं समजून कुणी दुसरी गोळी घेतली तर ती पिशवी आणखी तुंबवते. लगेच दवाखाना गाठा, रात्र असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासारख्या, तातडीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात. डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं दुखून उलटी होते, हा अरुंद कोनाच्या काचबिंदूचा झटका असू शकतो आणि काही तासांत नजर जाऊ शकते. काचबिंदूचं निदान आधीच झालं असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे हे नेत्रतज्ज्ञांकडून लिहून आणा; उघड्या कोनाचा काचबिंदू उपचाराखाली असेल तर बहुधा अडत नाही. ओठ, जीभ, चेहरा सुजला तरी थांबू नका.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी सांगायला हवी. निरोप अडवणाऱ्या गोळ्यांनी घाम कमी येतो आणि घाम हेच शरीराचं थंड व्हायचं साधन. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला डोंगर चढताना किंवा एप्रिल-मेच्या दुपारी शिवारात काम करताना अंग तापलं आहे पण कोरडं आहे, चक्कर येते आहे, असं झालं तर लगेच सावलीत या आणि अंगावर ओलं कापड घ्या. त्या दिवसांत पाण्याचा हिशेब सैल करा, घाईपेक्षा उष्माघात फार वाईट.

गोळीच्या जोडीला पिशवीला सवय लावली तर गुण जास्त येतो. घाई आली की धावू नका. जागीच बसा, वायू अडवताना आवळतो तसे खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरू द्या आणि मग सावकाश चालत जा. वहीप्रमाणे दर तासाला जात असाल तर आधी सव्वा तास, आठवड्याने दीड तास, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी तीन तासांपर्यंत न्या.

निरोप अडवणाऱ्या गोळीला किमान चार आठवडे द्या, मिराबेग्रॉनला आठ. मग पुन्हा तीन दिवस मगाने मोजा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा. बारा फेऱ्यांच्या नऊ झाल्या आणि कपडे ओले होणं थांबलं तर गोळी लागू पडली, घाईची जाणीव थोडी उरली असली तरी. काहीच फरक नसेल तर औषध बदलता येतं. गोळ्यांनी भागलं नाही तर पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा घोट्याजवळच्या मज्जातंतूला बारा आठवडे, आठवड्यातून एकदा अर्धा तास विजेची सूक्ष्म चेतना, असे उपाय युरॉलॉजिस्टकडे असतात.

बरं वाटलं म्हणून गोळी थांबवून बघायची असेल तर डॉक्टरांना सांगून थांबवा आणि निष्कर्ष तिसऱ्या दिवशी काढू नका. सोलिफेनासिन शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे दोन ते तीन दिवस घेतं, पूर्ण जायला दहा ते चौदा. मिराबेग्रॉनचंही जवळपास तसंच. त्यामुळे गोळी बंद करूनही तोंड आठवडाभर कोरडं राहू शकतं, आणि गोळीविना पिशवी कशी वागते ते मगाने मोजायचं तर दोन आठवडे गेल्यावर.