गोळी लागली नाही, म्हणून पेन्शन नाही?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फौजेतून परतलेल्यांच्या घरोघरी एक समज घट्ट बसलाय: अपंगत्व पेन्शन फक्त लढाईत जखमी झालेल्यांनाच. साफ चूक. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत बळावला, आणि वैद्यकीय मंडळाने अपंगत्व किमान 20 टक्के धरलं, तरी हक्क लागू होतो.

सैनिक धर्मवीर सिंग यांना लढाईत काही झालं नव्हतं. त्यांना फिट्स येत. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतलाच मानायचा, तसा नसल्याचं सिद्ध करणं सरकारचं काम. (सप्टेंबर 2023 नंतर सेवा सुटली असेल, तर नवे नियम पाहा. ते कडक आहेत.)

अर्ज फेटाळलाच, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड या पेन्शनहून निराळं, त्यावर उपचार होतात.